पाठमोऱ्या बाईचं वाक्य

पिवळा कोट घातलेला एक माणूस दुकानात शिरतो, तीन पावलं चालतो, टोपी उचलतो आणि निघून जातो. कार्टूनमधला माणूस, चार सेकंदांचं दृश्य. हा कोण, कशाला आला आणि त्याला बघून तिकडचे लोक का हसतात, हे शोधण्यात मी एकदा अडीच दिवस घालवले आणि शेवटी चुकीचं उत्तर दिलं. मला तो एखाद्या जुन्या गुप्तहेरपटातला वाटला, म्हणून मराठीत मी त्याच्या तोंडी "खुनी याच खोलीत आहे" असं वाक्य घातलं. पुढे कळलं की तो त्यांच्याकडच्या गाद्यांच्या जाहिरातीत यायचा. गाद्या विकणारा माणूस मराठी घराघरांत खुनी शोधताना दिसला, आणि त्यालाही लोक हसले. मी काही दिवस खाली मान घालून कामावर गेले.

सुरतेत राहून मी हे काम केलं, असं सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. सुरत म्हटलं की साडी नाहीतर हिरा. पण उधन्याला कापडाच्या गोदामावर तिसऱ्या मजल्यावर आमचा डबिंगचा स्टुडिओ होता. शेजारी भरतकामाची मशीनं दिवसभर खडखडत असायची, म्हणून भिंतींना आतून गोधड्या ठोकल्या होत्या, आणि हळू आवाजातली वाक्यं शेजारच्यांच्या जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड व्हायची. मालक जिग्नेशभाई. परदेशी कार्टून मालिका मुंबईच्या एजंटाकडून आमच्याकडे यायच्या आणि आम्ही त्यांना गुजराती-मराठी बोलायला लावायचो.

त्यातली एक मालिका बारा वर्षं माझ्याकडे होती. एका परदेशी गावातलं कुटुंब, आळशी बाप, त्रासलेली आई, तीन पोरं आणि शेजारीपाजारी. आम्ही त्यांचं नाव घोळकर ठेवलं होतं. दिसायला पोरांचं कार्टून, पण आतमध्ये मोठ्यांसाठी चिमटे भरलेले. बावीस मिनिटांच्या एका भागात चाळीस-पन्नास तरी ठिकाणी कुठल्यातरी सिनेमाची, गाण्याची, जाहिरातीची, पुढाऱ्याची नक्कल असायची. मागच्या भिंतीवर पाटी दिसली तरी त्या पाटीत विनोद. पडद्यावर बोट ठेवून प्रत्येक जागा टिपायची, ती कशावरून आली हे शोधायचं आणि आपल्या माणसाला हसू यावं म्हणून तिथे काय घालायचं ते सुचवायचं, ही माझी नोकरी. माझ्या यादीवरून संवाद लिहिले जायचे. पुढे पुढे ते संवादही मीच लिहायला लागले.

सुरुवातीला माझ्याकडे शब्दकोश होता आणि कॉलेजात घेतलेलं इंग्रजी. नंतर इंटरनेट आलं आणि जगभरच्या शौकिनांनी प्रत्येक भागाच्या लांबलचक याद्या करून ठेवलेल्या दिसल्या. कोणत्या पाटीवर काय लिहिलंय यावरून ते लोक महिनाभर भांडायचे. माझ्या यादीपेक्षा त्यांची यादी नेहमीच मोठी असायची. एकदाच मी त्यांच्या पुढे गेले, आणि तेही नानांमुळे.

नाना म्हणजे डिंडोलीला आमच्या सोसायटीत समोरच्या घरात राहणारे रंगमास्तर. माझे यजमान पांडेसऱ्याला ज्या प्रोसेस हाउसमध्ये होते, तिथे नानांनी सगळी हयात कापड रंगवण्यात घालवली. आम्ही अमळनेरकडचे, ते पारोळ्याकडचे, म्हणजे घरचेच. एकदा मी घरी बसून एक भाग बघत होते. घोळकरांच्या शेजारणीच्या खिडकीला पडदा होता. नाना काहीतरी मागायला आले होते, ते दारातच थांबले.

"हाऊ रंग आपला शे," ते म्हणाले. अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'.

मी म्हटलं, "नाना, हे चित्र आहे. परदेशात काढलेलं."

"चित्र ऱ्हाऊ दे. ही बुट्टी, हा कडेचा हिरवा, ही आपल्या हाउसची साडी आहे. निर्यातीला गेली होती." तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या नमुन्याचा तुकडा आणून माझ्यासमोर टाकला. बुट्टीला बुट्टी जुळत होती. कोणा चित्रकाराच्या घरी आमच्या पांडेसऱ्याची साडी पडदा होऊन लटकत असणार! जगातल्या एकाही यादीत ही गोष्ट नव्हती. मी आठवडाभर जो भेटेल त्याला हे सांगत होते.

नानांची खरी ओळख मात्र वेगळी होती. रोज संध्याकाळी पहिल्या पाळीचे लोक घरी येऊन हातपाय धुऊन बसले की नाना ओट्यावर यायचे. गावाकडचं वर्तमानपत्र बसमधून एक दिवस उशिरा यायचं, ते त्यांच्या हातात असायचं. चष्मा चढवायचे, घसा खाकरायचे आणि रेडिओवर बोलावं तसं सुरू करायचे, "आयका मंडळी, आयका! हाई डिंडोली केंद्र शे. आते गावकडन्या बातम्या."

मग कुठे पाऊस झाला, कापसाला काय भाव मिळाला, कोणत्या गावची जत्रा कधी, कोणाचा साखरपुडा, कोण वारलं. वीस-पंचवीस माणसं ऐकायला असायची. बरीचशी म्हातारी आणि बायका, ज्यांना वाचता येत नव्हतं. हातात मोबाइल आले तरी ही मंडळी यायचीच, कारण मोबाइलमध्ये त्यांच्या गावाचं नाव कोणी घेत नव्हतं.

निधनाच्या बातम्या नाना आधी घरात बसून वाचून घ्यायचे. सोसायटीतल्या कोणाचा सोयरा असला तर बायकोला पुढे पाठवायचे. एकदा सखूबाईचा भाऊ गेल्याची बातमी होती. नानांची बायको जाऊन सखूबाईच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला, आणि मगच नानांनी नाव उच्चारलं. गेलेल्या माणसाचं नाव घेताना नाना चष्मा काढून ठेवायचे. हे सगळं मी माझ्या गॅलरीतून वर्षानुवर्षं बघितलं होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

एका वर्षी घोळकरांचा एक भाग आला. त्यात एक म्हातारा शेजारी होता, जो दारात खुर्ची टाकून रेडिओच्या निवेदकाची नक्कल करत गावच्या बातम्या सांगतो. तिकडे फार पूर्वी एक लाडका निवेदक होता, त्याच्या बोलण्याची ती हुबेहूब लकब. याद्या करणाऱ्यांनी त्यावर दोन पानं लिहिली होती. आपल्याकडे त्याचं कोणाला काय? मी तीन-चार पर्याय दिले. जिग्नेशभाईंनी ते वाचले आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"ताई, आमां मजा नथी. मजा नाही यात. कोई असली माणूस पाहिजे. असा आवाज पाहिजे की ऐकला की हसू."

मी नानांसारखा घसा खाकरला. मग म्हणाले, "आयका मंडळी, आयका!"

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. अख्खा म्हातारा मी अहिराणीत बोलता केला. आमचे कलाकार प्रदीपभाई एकटे पाच-सहा आवाज काढायचे. त्यांना मी नानांची घसा खाकरायची पद्धत करून दाखवली, शब्द कुठे लांबवायचा ते दाखवलं. ते इतकं झकास जमलं की काचेपलीकडे जिग्नेशभाई टेबलावर हात मारून हसत होते. मलाही हसू आवरत नव्हतं. आपण एका खऱ्या माणसाला इथे आणलंय याचा मला अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकते.

त्या दृश्याच्या शेवटी एक म्हातारी शेजारीण आहे. ती पडद्यावर पाठमोरी असते, आपल्याला तिचं तोंड दिसत नाही. आमच्या धंद्यात पाठमोरं पात्र म्हणजे मोकळं रान. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे हवं ते वदवता येतं. तिचं मूळ वाक्य साधं होतं. आमच्या हिशेबात दृश्य हशावर संपायला हवं होतं. मी तिथे लिहिलं, "ए म्हाताऱ्या, बंद कर तुझं स्टेशन!"

तो भाग लागला आणि तेवढा तुकडा लोकांनी मोबाइलवर कापून घेतला. आठ दिवसांत तो पांडेसऱ्याच्या खात्याखात्यात फिरला. अहिराणी बोलणारा म्हातारा आणि त्याला गप्प करणारी बाई. मुकादम जास्त बोलला की मागून कोणीतरी म्हणायचं, "बंद कर तुझं स्टेशन!" यजमान घरी येऊन हसत हसत सांगायचे. मी लिहिलंय हे सोसायटीत त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मी त्यांना सांगू नका म्हटलं. का म्हटलं, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

लवकरच ओट्यासमोरही ते वाक्य आलं. नानांनी "आयका मंडळी" म्हटल्याबरोबर मागून एकजण ओरडला आणि सगळे हसले. नानाही हसले. हसू ओसरेपर्यंत थांबले आणि पुढे वाचू लागले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लोक आता बातम्या ऐकायला येत होते की ते वाक्य ओरडायला, हे सांगणं कठीण झालं. जे कधी फिरकत नव्हते तेही येऊन उभे राहू लागले.

मग एका संध्याकाळी नानांनी चष्मा काढला. मी गॅलरीत कपडे गोळा करत होते. पुढच्या रांगेत कमलबाई बसली होती, आणि नानांची बायको तिच्या शेजारी. त्यावरूनच मला कळलं. नाना हळू आवाजात गावाचं नाव घेऊन कमलबाईच्या आईचं नाव सांगू लागले आणि मागून, निव्वळ सवयीने, कोणीतरी ओरडलं, "बंद कर तुझं स्टेशन!"

हशा उठला. दोन-तीन सेकंदच. मग पुढच्या माणसांनी मागे वळून बघितलं आणि सगळं शांत झालं. कमलबाईला काय झालंय तेच समजेना. ती नानांकडे बघत विचारत होती, "कोन? कोन गयं, नाना?" नाना ओट्यावरून उतरले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला एकटीला हळूच सांगितलं. मग वर्तमानपत्राची घडी करून घरात गेले.

ओरडणारा माणूस दुसऱ्या दिवशी नानांच्या पाया पडून आला. नानांनी त्याला चहा पाजला. पण संध्याकाळी ते ओट्यावर आले नाहीत. लोक बोलवायला गेले तेव्हा म्हणाले, "आते नही वाचस मी. लोके हासतस." रागाने नाही, तब्येत विचारल्यावर सांगावं तसं. वर्तमानपत्र बसमधून येत राहिलं. ते घरात बसून मनातल्या मनात वाचायचे.

मी त्या दिवशी गॅलरीतून खाली उतरायला हवं होतं. उतरले नाही. आणि याहून वाईट गोष्ट पुढे आहे. त्याच आठवड्यात जिग्नेशभाईंनी मला बोलावलं. मुंबईहून निरोप होता की म्हातारा फार चालला, तो पुढच्या भागांतही हवा.

"मूळ मालिकेत तो पुन्हा येत नाही," मी म्हणाले.

"तो क्या हुआ? पाछळ, मागे कुठे तरी आवाज टाका. गर्दीमां. तुम्ही करता ना पाठमोरं?"

नाही म्हणायची ती वेळ होती. मी म्हटलं, "भाई, हा खरा माणूस आहे. माझ्या समोर राहतो."

ते दचकलेच. "अरे वाह! मग तर त्यांना खुश होना चाहिये."

मी एवढ्यावर गप्प बसले आणि त्यानंतर अकरा भागांमध्ये कुठे गर्दीत, कुठे भिंतीआडून "हाई डिंडोली केंद्र शे" घातलं. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती असंही नव्हतं. लोक हसत होते, आणि ज्याला लोक हसतात असं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदाच माझं स्वतःचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे विनोद मोजले होते. हा माझा होता. म्हणजे माझा नव्हता, हे माहीत असूनही.

एका दुपारी नाना घरी आले. यजमान कामावर होते. नाना पलंगाच्या कडेवर बसले, पाणी प्याले आणि सरळ विचारलं, "तूच लिखं ना ते?"

मी मान हलवली.

"माले वाटनंच. 'आयका'ना 'का' कोठे लांबवाना, ते बाहेरना मानूसले कसं समजी?" मला वाटलं आता ते बोलतील, रागावतील. त्यांनी वेगळंच मागितलं. "त्यासनं मूळ शे ना तुनाकडे? माले दखाड."

मूळ भाग माझ्या कामाच्या संगणकावर होता. मी दृश्य लावलं. नाना खुर्ची पुढे ओढून बसले. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पण त्यांनी ते तीनदा बघितलं. रंगाची शेड पारखताना बघायचे तसं, मान तिरकी करून. म्हातारा बोलत होता, माणसं ये-जा करत होती, कोणी थांबत नव्हतं. शेवटी ती पाठमोरी बाई आली आणि तिने तिचं वाक्य म्हटलं.

"हाई बाई काय म्हनस?"

मी दृश्य थांबवलं.

"ती म्हणते, मग काय झालं?"

"म्हंजे?"

"म्हणजे पुढची बातमी विचारते. सगळे निघून जातात, ती एकटी थांबते आणि विचारते. मंग काय व्हयनं, असं."

नानांनी पुन्हा एकदा दृश्य लावायला सांगितलं. ती बाई आली, बोलली. ते पडद्याकडे बघून जरासे हसले, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसे.

"चांगलं व्हतं," ते म्हणाले. "मंग बदलं काब?"

का बदललं? पिवळ्या कोटाचा माणूस कोण, यावर मी अडीच दिवस घालवले होते. इथे मला सगळं माहीत होतं. तो निवेदक कोण, तिकडे म्हाताऱ्या माणसांना त्याचा आवाज ऐकताना काय वाटतं, त्या बाईचं वाक्य ऐकून तिकडे कोणी हसत नाही हेसुद्धा यादीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"हासू येत नव्हतं, नाना," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. उत्तर पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मग माफी मागण्यासाठी मी जे काही बोलायला लागले ते त्यांनी हातानेच थांबवलं. "ऱ्हाऊ दे, बेटा." चप्पल घालून ते समोर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी जिग्नेशभाईंना सांगितलं की यापुढे तो आवाज माझ्या हातून लिहिला जाणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. ते काम त्यांनी दुसऱ्याकडे दिलं आणि त्या माणसाने अहिराणीच्या नावाखाली जे लिहिलं ते ऐकवत नव्हतं. तेही लोकांना चाललं. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली. आता तिथे यंत्र आधी भाषांतर करतं आणि माणूस ते पुसून नीट करतो असं ऐकते. पिवळा कोट बघून ते यंत्र काय म्हणत असेल, असं कधीकधी मनात येतं.

नोकरी सोडल्यावर एका संध्याकाळी मी बसवरून वर्तमानपत्र आणलं आणि समोरच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. नाना दारात बसले होते. म्हटलं, "नाना, वाचा ना." ते म्हणाले, चष्म्याचा नंबर बदललाय. मग मीच उलगडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. लहानपणापासून घरात बोलत आले ती अहिराणी माझ्या तोंडून पाठ केल्यासारखी निघत होती. पाऊस वाचला, कापूस वाचला. दोन म्हाताऱ्या बायका येऊन पायरीवर बसल्या.

नाना उठले. मला वाटलं, निघाले. ते आतून स्टूल घेऊन आले, माझ्या बाजूला ठेवलं, मी बसले तशी स्टुलाचा पाय हलत नाही ना ते वाकून बघितलं. मग आत गेले आणि दार लोटून घेतलं.

मी पान संपेपर्यंत वाचलं. पायरीवरची एक बाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "सकाय नाना वाचतीन ना वं, माय?"

उद्या नाना वाचतील ना, असं ती विचारत होती. महिनाअखेरीला ते मुलीकडे धुळ्याला कायमचे राहायला जाणार आहेत, हे मला त्याच दुपारी समजलं होतं.

मी "हो" म्हणाले.